आठवी ‘ब’ची हजेरी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी मी नाक्यावर उभा होतो. आमच्या शाळेतले ढोके सुट्टीत गावी जातात, परतताना त्यांची राळेगावची गाडी शहरात शिरण्याआधी नाक्यावर थांबते, ते तिथं उतरतात आणि मग आम्ही दोघं शाळेपर्यंत चालत जातो, असा आमचा बारा वर्षांचा रिवाज. गाडी आली. ढोक्यांच्या ऐवजी कंडक्टर खाली उतरला. हा आमच्याच शाळेतून मॅट्रिक झालेला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. “सर,” तो म्हणाला, “ढोके सर नाई येत आता. परवा सकाळी अंगणात दाढी करून राह्यलते, तसेच कलंडले. डॉक्टर येईस्तोवर काही राह्यलं नव्हतं.” इतक्या वर्षांच्या सोबत्याची अशी बातमी ऐकून माणूस काय बोलेल? मी विचारलं, “मग आज आठवी ‘ब’ कोण घेणार?” त्यानं टोपी परत डोक्यावर ठेवली. गाडीतली माणसं खोळंबली होती. त्यानं घंटी दिली, गाडी गेली आणि मी एकटाच शाळेकडे निघालो.

त्याला आता पाच आठवडे झाले. शहरातल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी ढोक्यांवर चार ओळी लिहून द्या असा निरोप आला, म्हणून टेबलाशी बसतो, टाक दौतीत बुडवतो आणि उठून जातो... थकवा आलाय म्हणावं तर काम काही फार केलेलं नाही. शोकसभा झाली. तिच्यात मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, कर्तव्यदक्ष असे शब्द मी वापरले. हे शब्द शाळेच्या सतरंजीसारखे आहेत, कुठलाही कार्यक्रम असला की तेच अंथरायचे आणि झटकून परत ठेवायचे. ढोके ऐकायला असते तर मागच्या बाकावर बसून मिशीत हसले असते. म्हणून इथं तसलं काही लिहीत नाही. जे घडलं तेवढंच लिहितो, आणि त्यातलं एक मी गेल्या सोमवारपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

आमची शाळा यवतमाळच्या नाक्यापलीकडची. शहरातले लोक तिचं नाव घेत नाहीत, ‘ती नाक्यापलीकडची’ एवढंच म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांचं नाक जरा वर जातं. छप्पन साली ती सुरू झाली तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला मुंबई राज्यात गेलो आणि साठ साली महाराष्ट्रात आलो. तीनदा पाटी रंगवून झाली. शाळा मात्र होती तिथंच राहिली, कापसाच्या एका जुन्या गोदामात. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन आणि वर्गावर्गांच्या मध्ये बांबूचे तट्टे. माझ्या वर्गात पानिपत चाललेलं असलं की पलीकडे ढोक्यांच्या वर्गातल्या त्रिकोणाचे कोन माझ्या मुलांनाही पाठ व्हायचे. शेजारी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. हंगामात तिथला भोंगा वाजला की शाळा भरायची आणि भोंगा वाजला की सुटायची. हंगाम सरला की भोंगा बंद, मग सगळी भिस्त हेडमास्तरांच्या घड्याळावर, आणि ते घड्याळ हेडमास्तरांसारखंच सावकाश. हिवाळाभर जिनिंगमधून कापसाचं पीस उडत यायचं, दौतींत पडायचं, टाकांना चिकटायचं आणि मुलांच्या वह्यांत अक्षराअक्षराला मिशा फुटायच्या. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली पहिल्याच वर्षी हरवली ती सापडली नाही. कंपाउंड नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत एका मास्तरानं फक्त बकऱ्या हाकायच्या, अशी नेमणूकच असायची.

प्रत्येक यत्तेच्या दोन तुकड्या. ‘अ’मध्ये नाक्याअलीकडच्या कारकुनांची आणि दुकानदारांची मुलं. ‘ब’मध्ये बाकी सगळी. आजूबाजूच्या खेड्यांतली, नाल्यापलीकडच्या वस्तीतली आणि तांड्यावरची. वस्तीतल्या घरांनी शाळा सुरू झाली त्याच वर्षी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, तिथली पोरं धुतलेले सदरे घालून भोंग्याच्या आधी येऊन पहिला बाक धरायची. तांड्यावरच्या बंजारा लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेले, आता हे शेती करून एका जागी राहिलेले. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि शाळेत आमची पुस्तकातली मराठी, म्हणजे त्या पोरांना ही तिसरी भाषा. ‘ब’ तुकडी कोणाला द्यायची यावरून दर जूनमध्ये मास्तरांची तोंडं फिरायची. ढोक्यांनी आठवी ‘ब’ मागून घेतली आणि पुन्हा कधी सोडली नाही.

ढोके राळेगावकडचे, इथं नाक्याजवळ खोली करून राहायचे. किडकिडीत, उंच, अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि सायकलला लटकवलेली कापडी पिशवी. ते वर्गात वऱ्हाडी बोलायचे, ते मला खटकायचं. मी अमरावतीला शिकलेला, अक्षर वळणदार, वह्यांना समास सोडणारा, नियमाचं पुस्तक जवळ बाळगणारा. मी एकदा म्हटलंही, “अहो, निदान गणित तरी शुद्ध भाषेत शिकवा.” ते म्हणाले, “मास्तर, दोन आन् दोन वऱ्हाडीतबी चारच होतेत.” पण आमचं जमलं खरं. भाकरीचा डबा एकत्र उघडायचा, त्यांच्या डब्यात झुणका आणि माझ्या डब्यात त्यांच्या मते ‘आजाऱ्याचं जेवण’.

आता टिंबांबद्दल सांगायला हवं. दसरा झाला की कापसाची वेचणी सुरू व्हायची आणि ‘ब’ तुकडीतली निम्मी मुलं शेतात जायची, ती संक्रांत उलटल्यावरच परत यायची. नियम असा होता की मूल सलग महिनाभर गैरहजर राहिलं की त्याचं नाव पटावरून कमी करायचं, आणि मग पालकानं स्वतः अर्ज घेऊन आल्याखेरीज ते परत चढवायचं नाही. हजेरीच्या रकान्यात हजरला ‘ह’, गैरहजरला फुली. ढोक्यांनी यात तिसरंच काढलं. ते नाव घ्यायचे, मूल नसलं की शेजारचा पोरगा सांगायचा, “कापसात, सर,” आणि ढोके त्या चौकोनात एक टिंब द्यायचे. ना हजर, ना गैरहजर. फुल्या नाहीत म्हणजे महिना भरत नाही, महिना भरत नाही म्हणजे नाव कटत नाही. रविवारी सायकल काढून ते तांड्यावर जायचे आणि बांधावर बसून आठवड्याचं गणित शिकवायचे. हेडमास्तर पट बघताना चष्मा काढून ठेवत. मी मात्र म्हणायचो, हे खोटं आहे. ढोके म्हणायचे, “खोटं कसं जी? पोट्टं कापसात हाय, आन् मी लिवून राह्यलो का ते कापसात हाय.”

शाळेच्या चौथ्या वर्षी त्यांच्या वर्गात झमकू आली. झमकू थावरा राठोड. त्या तांड्यावरची आठवीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. तिला शाळेत ठेवण्यासाठी ढोके वर्षभर तिच्या बापाच्या, थावराच्या, मागे लागले होते. शेवटी थावरा एका अटीवर कबूल झाला, वेचणीत पोरगी मला पाहिजे, बाकीचे दिवस तुमचे. ढोक्यांनी शब्द दिला, तिचं नाव कटणार नाही. तांड्यावरची तीन मुलं आणि ही, अशी चौघं कोस-दीड कोस चालत यायची. तिचा आवाज खणखणीत. हजेरीला ‘हजर’ म्हणायची ते तट्ट्याच्या अलीकडे माझ्या वर्गात ऐकू यायचं आणि माझी मुलं हसायची. भागाकार ती बोटांच्या पेरांवर करायची आणि वहीत उतरवणाऱ्याच्या आधी उत्तर सांगायची. ढोके एकदा डबा खाताना म्हणाले, “हे पोट्टी मॅट्रिक झाली न, तर तांड्यावरच्या बाकी पोट्ट्याईले मले बोलवाले जावं लागनार नाई. आपल्यानं येतीन.” त्यांना त्या वर्षी दुसरं काही नको होतं.

त्याच हिवाळ्यात ढोक्यांची आई पडली, मांडीचं हाड मोडलं. ते महिन्याभराची रजा टाकून राळेगावला गेले. जाताना घाई होती, पिशवीसुद्धा शाळेतच राहिली. आठवी ‘ब’ माझ्याकडे आली. आणि नेमकं कळलं की तपासणीचे साहेब येणार आहेत. मी पट उघडला तर पानभर टिंबं. हे साहेबांनी बघितलं तर ढोक्यांची नोकरी जाईल. मी मित्राला वाचवत होतो, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं... आणि हेही लिहितो की ती टिंबं पुसून टाकावीत असं मला आधीपासून वाटत होतंच. टिंब मधोमध धरून दोन तिरप्या रेघा ओढल्या की फुली होते. एका दुपारी बसून मी सगळ्या टिंबांच्या फुल्या केल्या. गावातल्या बाकीच्या पोरांच्या टिंबांत मधूनमधून एखादा ‘ह’ होता, ती वाचली. तांड्यावरच्या चौघांचा मात्र महिना सलग भरला. मी लाल शाई घेतली, पट्टी लावली आणि चार नावांवर चार सरळ रेघा मारल्या. साहेब आले, त्यांनी आठवी ‘ब’चा पट चाळला आणि शेऱ्यात लिहिलं की पट व्यवस्थित आहे. मला त्याचा आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू?

ढोके परत आले. पहिल्या तासाला त्यांनी पट उघडला. मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. “मास्तर, टिंबं कुठी गेले?” मी सगळं सांगितलं, तपासणीचं, नोकरीचं, नियमाचं. ढोक्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमचं काही चुकलं नाई. मीच तुमाले सांगून जाले पायजे होतं.” ते चिडले असते तर मी भांडलो असतो, नियमाचं पुस्तक काढलं असतं. त्यांनी ती सोयच ठेवली नाही.

त्या रविवारी दोन सायकलींवर आम्ही तांड्यावर गेलो. तिघा पोरांचे बाप लगेच कबूल झाले, उद्या अर्ज घेऊन येतो म्हणाले, आणि आलेही. थावरा बाजेवर बसला होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला आणि मग सावकाश बोलायला लागला. “गुरुजी, तुमच्या शब्दावर पोरगी ठेवली होती. पन नाव कटलं, हे तांडाभर झालं. तांड्याचे नायक म्हनाले, पंच म्हनाले, शाळेनंच काढली, आता कायले ठेवतं घरी? सोयरीक झाली जी. मुकुटबनकडचे हायेत. आता मले बोल मागं घेता येत नाई.” तेवढ्यात झमकू शेतातून आली. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, ती अजून भरलेलीच होती. तिनं मला पाहिलं, ढोक्यांना पाहिलं. तिला कुणी काही सांगितलेलं दिसत होतं, पण पूर्ण नाही. तिनं विचारलं, “सर, माह्यं त टिंब होतं न?”

“होतं बाई,” ढोके म्हणाले.

“मंग?”

ढोक्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते थावराला म्हणाले, “माह्याच हातून कटलं. चूक माही हाय.” मी तिथं उभा होतो. तोंड उघडायचं होतं, एवढंच करायचं होतं. मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून जमिनीकडे बघत राहिलो. थावरानं मान हलवली. झमकूनं ओटी सोडली, कापूस ढिगावर टाकला आणि आत गेली. परत येताना नाल्याशी सायकली हातात धरून चालत असताना मी म्हटलं, “तुम्ही असं का सांगितलं?” ते म्हणाले, “तुमचं नाव सांगून काय झालं असतं? पोट्टी त गेलीच. उगा दोन मास्तर खोटे पडले असते, एक पडला त पुरे.” फाल्गुनात तिचं लग्न झालं. ढोके गेले होते. मी आजारी असल्याचं कळवलं. मी आजारी नव्हतो.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एकत्र डबा खाल्ला, एकत्र नाक्यापासून चालत आलो, आणि मी रोज ठरवायचो की आज बोलायचं. तुमचा शब्द मी मोडला आणि तांड्यावर खोटे तुम्ही ठरलात, याबद्दल मला माफ करा, एवढंच वाक्य. ते इतकं पाठ झालं की खरं वाटेनासं झालं... त्या प्रसंगानंतर मी हेडमास्तरांना सांगून वर्ग बदलून घेतला होता, गोदामाच्या दुसऱ्या टोकाला अकरावी. कारण आवाजाचं दिलं. खरं म्हणजे त्यांची हजेरी ऐकवत नव्हती. दुसऱ्या टोकालाही एक गोष्ट मात्र ऐकू यायचीच. हजेरी संपता संपता त्यांचा सगळा वर्ग एका आवाजात काहीतरी म्हणायचा. काय ते कळायचं नाही, मी विचारलंही नाही. ‘ब’ तुकडीचा गोंगाट म्हणून कपाळाला आठी घालायचो. तांड्यावरून पुढं पोरं येत राहिली, ढोकेच आणायचे. मुली मात्र फार वर्षं आल्या नाहीत. यंदा दोन आल्या.

या पाच आठवड्यांत आठवी ‘ब’ कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे फिरत राहिली. नाक्यावर सगळ्यात आधी मीच विचारलं होतं की ती कोण घेणार, आणि मीच टाळत होतो. गेल्या सोमवारी हेडमास्तर म्हणाले की आता तुम्हालाच घ्यावी लागेल. मी गेलो. ढोक्यांची खुर्ची, तिचा एक पाय आखूड, त्याखाली त्यांनीच ठेवलेली खापरी. भिंतीच्या खिळ्याला त्यांची कापडी पिशवी अजून होती, सुट्टीला जाताना या माणसानं ती पुन्हा विसरली होती. मी पट उघडला. वेचणी चालू आहे, निम्मे बाक रिकामे. पाच आठवडे ज्यांनी ज्यांनी वर्ग घेतला त्यांनी फुल्या मारल्या होत्या, नावं कापायचं तेवढं राहून गेलं होतं, त्याच्या आधी ढोक्यांचा हात, ‘ह’ आणि टिंबं. पानाच्या तळाशी शेवटच्या नावाखाली एक ओळ होती, तिच्यात नाव नव्हतं. नुसती टिंबं, पेन्सिलीनं दिलेली. शाळा भरलेल्या प्रत्येक दिवसाला एक, जूनपासून. मला वाटलं, ढोक्यांनी दिवस मोजायला दिली असतील.

मी नावं घेत गेलो. कुणी हजर म्हणालं, कुणाच्या वतीनं शेजारचा म्हणाला, “कापसात.” आधी माझा टाक फुलीकडेच गेला, मग मी तो आवरला आणि टिंब दिलं. वर्गानं ते पाहिलं की नाही कोण जाणे. शेवटचं नाव झालं, मी पट मिटायला घेतला. मुलं पुस्तकं काढीनात. तशीच माझ्याकडे बघत बसली. मग तांड्यावरच्या त्या दोघींपैकी एक उभी राहिली. “सर, एक नाव राह्यलं.”

“कोणतं?”

“झमकू थावरा राठोड.”

“ते पटावर नाही,” मी म्हणालो.

“नाई, सर. पन ढोके सर शेवटी घेतेत. रोज घेतेत. माह्या भावाच्या वर्गातबी घेत होते.”

“कोण आहे ती? ओळखता तुम्ही?”

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणाला माहीत नव्हतं. ती मुलगी म्हणाली, “आमाले नाई ठाऊक जी. सर नाव घेतेत, आन् आमी सांगतो.”

मी टाक खाली ठेवला. जिनिंगचं यंत्र चालू होतं, तेवढाच आवाज. मग मी त्यांना सांगितलं की नऊ वर्षांपूर्वी हे नाव या पटावरून मी कापलं. ढोके सरांनी नाही, मी. तांड्यावर घरी सांगा, थावरा राठोड असतील तर त्यांनाही सांगा. मुलांना त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. त्या दोन मुली मात्र नीट ऐकत होत्या. त्यानंतर मी पट पुन्हा उघडला आणि जितकं स्पष्ट म्हणता येईल तितकं स्पष्ट नाव घेतलं.

“झमकू थावरा राठोड.”

“कापसात, सर,” सगळा वर्ग म्हणाला.

दौतीवर ढोक्यांची पेन्सिल आडवी ठेवलेली होती. ती घेऊन मी त्या बिननावाच्या ओळीत सोमवारच्या चौकोनात एक टिंब दिलं.